माहेरच्या नावाचा फंड

आई,

सोमवारी मला एका कागदावर सही करायची आहे. कागद माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचा आहे, पण त्यात माझ्यापेक्षा तुमचा हात जास्त आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या सासूला पत्र लिहिणाऱ्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कुणीही म्हणेल, म्हणू दे. आज शनिवार, मला सुट्टी. तुमचा मुलगा मासळी आणायला बाजारात गेलाय आणि तासभर तरी यायचा नाही, कारण पापलेटचा भाव विचारून, कोळणीशी हुज्जत घालून शेवटी बोंबील घेऊन येणं हा त्याचा दर शनिवारचा कार्यक्रम आहे. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर दोन फॉर्म आहेत. दोन्ही भरून तयार आहेत. सही एकावरच होणार.

या महिनाअखेर मी रिटायर होतेय. वागळे इस्टेटमध्ये एकाच कंपनीत एकतीस वर्षं, पगाराच्या टेबलावर. माझं काम नेमकं काय ते तुम्हाला कधी नीट कळलं नाही. तुम्ही शेजारणींना सांगायचात, 'ती सगल्यांचा पगार करते,' आणि त्या बिचाऱ्या मला कंपनीची मालकीण समजायच्या. खरं काम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कागद. माणूस नोकरी सोडायला निघाला की आधी माझ्या टेबलाशी येतो आणि प्रत्येकाचं एकच असतं, मॅडम, फंड काढायचाय. कुणाला बाईक घ्यायची असते, कुणाच्या भावाची हळद असते, आणि आपल्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा जास्त खर्च. मीही प्रत्येकाला एकच सांगत आले. काढू नका, हलवा. पाच वर्षं भरायच्या आत फंड काढलात तर त्यावर टॅक्स लागतो. तोच पैसा नव्या कंपनीच्या खात्यात हलवला तर जुनी वर्षं नव्यात मिळवली जातात, पाच भरतात आणि एक रुपया कापला जात नाही. एवढं सोपं आहे, तरी लोकांना समजत नाही. मी ओरडलेय लोकांवर. एका फिटरचा भरलेला फॉर्म त्याच्यादेखत फाडलाय. 'सरकारला आहेर करायचाय का?' हा माझा डायलॉग अख्ख्या कंपनीत फेमस आहे. परवा निरोपाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तो माझ्याच आवाजात म्हणून दाखवला आणि सगळे हसले.

आणि माझा स्वतःचा एक फंड तेहतीस वर्षं जसाच्या तसा पडून आहे. काढलेला नाही, हलवलेला नाही. हे जगात दोघींनाच माहीत होतं. आता एकटीला आहे.

लग्नाआधी मी साडेतीन वर्षं एका औषधांच्या कंपनीत होते. माजिवड्याच्या आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. गावातली बी.कॉम. झालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे मी कामाला निघाले की ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. लग्न ठरलं आणि मी राजीनामा दिला. कुणी द्यायला लावला असंही नाही. माजिवड्याची मुलगी डोंबिवलीच्या पलीकडे शीळ रस्त्यालगतच्या गावात नांदायला जाणार, तर नोकरी सोडणार, हे गृहीतच होतं. आणि मग हळदीच्या दिवशी तुमच्या लक्षात आलं की तुमच्या थोरल्या सुनेचं नाव आणि माझं नाव एकच आहे. 'एका नावाच्या दोगी घरान. हाक कोनाला मारू?' असं तुम्ही मांडवात म्हणालात. प्रश्न रास्त होता. भटजींनी अक्षर काढून दिलं, तुमच्या मुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि माझी मी बदलून गेले. मला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती, त्यामुळे तेव्हा राग यायचंही सुचलं नाही. तो नंतर हप्त्याहप्त्याने येत राहिला. पहिले कितीतरी महिने घरात माझ्या जुन्या नावाने हाक ऐकू आली की मी 'ओ' द्यायचे, आणि हाक जाऊबाईंना असायची.

तर फंड. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला तेव्हा फंड लगेच मिळायचा, बाकीच्यांसारखं दोन महिने थांबावं लागायचं नाही. ही माहिती तुमच्या मुलाने कुठून तरी काढून आणली. त्याला टेम्पो घ्यायचा होता. त्याआधीची रिक्षा त्याने मित्राला जामीन राहून घालवली होती. मित्र पळाला, रिक्षा गेली, आणि त्यावर घरात बोलायचं नाही असा अलिखित कायदा होता. माझी काहीच तक्रार नव्हती. नवरा म्हणाला फॉर्म भर, मी भरला. जुन्या नावाने सही केली. ती सही करताना मला मजा वाटली होती, एवढं आठवतं.

तो दिवस अजून समोर आहे. सकाळचे अकरा वाजलेत. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर शेगडी घेऊन बसलाय, कारण ओट्याशी उभं राहून तुम्हाला भाकरी जमत नाही. परातीत तांदळाचं पीठ आहे, शेजारी पाण्याचं भांडं. मी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून ठाण्याला निघालेय आणि तुम्हाला सांगायला दारात उभी आहे. तुम्ही मान वर न करता विचारता, 'कंचा कागद तो?'

'फंडाचा. कंपनीत साठलेले पैसे मिळणारेत. टेम्पोसाठी.'

'कोनाच्या नावान हाय?'

'माझ्या.'

'तुज्या कंच्या नावान?'

मी जुनं नाव सांगितलं. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, तिच्यावर पाण्याचा हात फिरवलात, आणि ती उलटलीत. मग म्हणालात, 'राव दे मंग तिथंच. या घरान त्या नावाची तू नाय. त्या नावाचा पैसा मागाला कोनी येनार नाय.'

'अहो, पण ह्यांना काय सांगू?'

'तू काय नको सांगू. मी हाय ना.'

'पण त्यांना लागणारेत पैसे.'

'गो बाय, त्याला जलमभर लागनार हायेत. तुला एकदाच लागतील.'

मी तरी उभीच राहिले. मी कॉलेज शिकलेली, तुम्ही अंगठा करणाऱ्या. तुमचं ऐकायचं की नाही हे मला ठरवता येईना. तेव्हा तुम्ही ओरडलात, माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं. 'शिकलीस ना? मंग कागद बग, कोनाचा हाय तो! मानूस सांगतो म्हनून सई करतात?' पिठाच्या हातानेच तुम्ही माझ्याकडून फॉर्म घेतलात, चार घड्या घातल्यात आणि चोळीत खोचलात. मला पर्स ठेवून भाकऱ्या भाजायला बसवलंत. बाहेर जायची साडी नेसूनच मी भाजल्या.

दुपारी जाऊबाईंची पोरं झोपल्यावर तुम्ही मला तुमच्या अंगठ्याची गोष्ट सांगितलीत. तुमच्या वडलांची भातशेती आणि खाडीकडचा मिठागराचा तुकडा. ते गेल्यावर भावांनी तुम्हा दोघी बहिणींना गाडी करून कल्याणला नेलं, कचेरीत अंगठा घेतला, येताना मटणाचं जेवण दिलं आणि एकेक साडी. तुम्हाला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने साडी द्यायची, रीतच ती. पुढे त्या बाजूने रस्ता रुंद झाला, बिल्डर आले, आणि भावांचे बंगले उठले, फाटकावर सिमेंटचे सिंह वगैरे. वास्तुशांतीला तुम्हाला बोलावलं आणि आणखी एक साडी नेसवली. 'दोन साड्या जाल्या,' तुम्ही म्हणालात आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसलात की मलाही हसू आलं. मग हसायचं थांबून तुम्ही म्हणालात, 'मना कोनी सांगाला नव्हता.'

चार दिवसांनी तुम्ही एकट्याच डोंबिवलीला जाऊन आलात. सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. काचेच्या बांगड्या तेव्हाच गेल्या होत्या, पण पाटल्या होत्या. आलात तेव्हा त्या नव्हत्या. संध्याकाळी तुम्ही तुमच्या मुलाला समोर बसवलंत, फडक्यात गुंडाळलेले पैसे त्याच्या मांडीवर ठेवलेत आणि म्हणालात, 'हिचं पैसं कंपनीन खाल्लं. हे घे. टेम्पो घे.' मी दाराशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. आणि तो रडायला लागला. रिक्षा गेली तेव्हा न रडलेला माणूस तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडला. थोरल्याला कधी काही दिलं नाहीस, मला दिलंस, असं काहीतरी म्हणत होता.

मला त्या क्षणी तुमचा भयंकर राग आला. महिनाभराचा माझा संसार, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत त्यात एक खोटं आणून ठेवलंत, आणि मला न विचारता त्यात भागीदार केलंत. मी तेव्हाच बोलू शकले असते. नाही, कंपनीने काही खाल्लेलं नाही, पैसे आहेत, पाटल्या परत आणा. सोनार काही पळून गेला नव्हता. पण तो रडत होता, तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होतात, तो हात मोकळा होता, आणि मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा फायदा होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन वर्षांनी वागळे इस्टेटमधल्या नोकरीची जाहिरात आली तेव्हा मला जाऊ द्यायला भांडलात त्याही तुम्हीच. रुजू होताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात सरळ विचारलेलं असतं, याआधी तुमचा फंड होता का. मी 'नाही' लिहिलं. नवं नाव, नवं खातं, आधीचं काही नाही. त्यानंतर एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फॉर्ममधला तोच प्रश्न तपासत आले. कुणी रिकामा सोडला की परत पाठवायचे. कुणी 'नाही' लिहिलं की चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, 'नक्की?'

तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही होतात तेव्हा दोन टेम्पो होते, नंतर तिसरा आला. विठ्ठलवाडीहून फर्निचर भरायचं आणि ठाण्यात, घोडबंदरला, नव्या टॉवरांमध्ये पोचवायचं. एकाही माणसाचे पैसे बुडवले नाहीत, एकाही मित्राला जामीन राहिला नाही. आता टेम्पो विकलेत, दोन गाळे भाड्याने दिलेत, आणि घरी बसून माझ्या प्रत्येक कागदात नाक खुपसणं हा पूर्णवेळ धंदा आहे. विजेचं बिलसुद्धा तो दोनदा वाचतो. आणि पाटल्यांची गोष्ट. ती त्याने किती जणांना सांगितली असेल! दसऱ्याला टेम्पोला हार घालताना, ड्रायव्हर ठेवताना, पुतण्याने धंद्यासाठी पैसे मागितले तेव्हा. 'रिक्षा घालवलेला पोरगा मी. सगळे मला घालूनपाडून बोलायचे. आणि माझ्या आयने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. माझ्यावर विश्वास टाकला. मग बुडवायची छाती कुठून होणार?' हे सांगताना अजून त्याचा आवाज बदलतो. एकसष्टाव्या वर्षी.

आणि खरं काय ते मला माहीत आहे. तुमचा त्याच्यावर विश्वास नव्हता. माझा पैसा त्याच्या हाती लागू नये म्हणून तुम्ही तुमचं सोनं मोडलंत. तुम्ही सुनेला वाचवत होतात, मुलापासून. आणि त्या नसलेल्या विश्वासावर तुमचा मुलगा माणसात आला. यात मी हसावं की काय करावं, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आता फॉर्मांकडे येते. रिटायर झाल्यावर फंड फार दिवस तिथे ठेवण्यात अर्थ नसतो. नोकरी संपली की पुढच्या व्याजावर टॅक्स सुरू होतो. त्यामुळे मोठ्या खात्याचं सगळं ठरलंय. एकतीस वर्षांचा पैसा, टॅक्स नाही, बाहेर काढायचा, काही ज्येष्ठांच्या बचत योजनेत, काही माझ्या पीपीएफमध्ये जेवढा घालता येईल तेवढा. राहिला तुमचा आणि माझा फंड. आमच्या सेक्शनमध्ये एक मुलगी आहे, कल्याणहून येते, ऑनलाइनचं सगळं तीच बघते. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा एखाद्या बाईचं लग्नाआधीचं जुनं खातं राहून गेलं असेल तर?

'सिंपल आहे मॅडम. आताच्या खात्यात ट्रान्सफर टाकायचं, सर्व्हिस जोडली जाते, टॅक्स झिरो. तुम्हीच शिकवलेलं ना.'

'नाव वेगळं असेल तर?'

'सरनेम ना? होतं ते.'

'पहिलं नावपण.'

ती माझ्याकडे बघतच राहिली. 'पहिलं नाव कोण बदलतं, मॅडम?'

'बदलायचे,' मी म्हटलं.

मग तिने विचार करून सांगितलं. मॅरेज सर्टिफिकेट लागेल. लग्न रजिस्टर केलेलं नसेल, तर नवऱ्याचं अफिडेव्हिट: अमुक नावाची, अमुक कंपनीत काम केलेली, अमुक नंबरचं खातं असलेली बाई लग्नानंतर अमुक नावाने माझी पत्नी आहे. खाली नवऱ्याची सही. आमच्या लग्नाचं रजिस्टर कुठलं आलंय, आई. मांडवात पाचशे माणसं जेवली हेच सर्टिफिकेट. 'आणि नवऱ्याला मधे आणायचं नसेल तर?' मी विचारलं. 'मग जुनं खातं वेगळं क्लेम करायचं. शाळेचा दाखला, तिचं एकटीचं अफिडेव्हिट. पण सर्व्हिस साडेतीनच वर्षं म्हणजे टॅक्स कापणार, इतक्या वर्षांच्या व्याजासकट. असं कोण करेल, मॅडम? वेडं आहे का कोण?' मी म्हटलं, नाही, कोणी करणार नाही. नियमात एक सूट आहे, तीही मी बघून ठेवली. नोकरी माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने सुटली असेल तर पाच वर्षांची अट नाही. आजारपण चालतं, कंपनी बंद पडलेली चालते. लग्न चालत नाही. लग्न बाईच्या हातातलं कारण धरलेलं आहे.

म्हणजे असं आहे, आई. पहिल्या फॉर्मवर सही केली तर टॅक्स वाचतो, पण तुमच्या मुलाला त्या अफिडेव्हिटवर सही करावी लागते. तो बिल दोनदा वाचणारा माणूस. खात्याचा नंबर वाचेल, कंपनीचं नाव वाचेल आणि विचारेल, हे तर कंपनीने खाल्ले होते ना? मग आईने पाटल्या कशाला मोडल्या? उत्तराला त्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत. दुसऱ्या फॉर्मवर सही केली तर त्याला काही कळत नाही, आणि टॅक्स जातो. हॉलचा रंग, नवा फ्रिज आणि माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघेल, एवढा.

मी सांगायचं ठरवलं होतं. खोटं तर खोटं, तेहतीस वर्षांनी कोण कुणाला फाशी देणार? बुधवारी संध्याकाळी जेवायला बसलो, मांदेली तळलेली, अफिडेव्हिटचा मसुदा पर्समध्ये, पर्स खुर्चीला अडकवलेली. त्यानेच विषय काढला.

'काय गं, रिटायरमेंटचं कुठे टाकणार? मी हात लावणार नाही हां, आधीच सांगून ठेवतो. तुझ्या पहिल्या कंपनीने हात मारला तेवढा बस झाला.'

'तेच बोलायचं होतं,' मी म्हटलं.

'पण बरंच झालं म्हणा त्यांनी खाल्ले ते.'

'का?'

'नाहीतर आयने दिल्या असत्या का पाटल्या? कधीच नसत्या दिल्या. मला कळलंच नसतं.'

'काय कळलं नसतं?'

तो मांदेलीचा काटा काढत होता. वर न बघता म्हणाला, 'की ती मला मानते.'

घास माझ्या घशातच राहिला. त्याने विचारलं, काय झालं, मी म्हटलं, काटा. तो उठला, भाताचा मोठा गोळा केला आणि माझ्या हातावर ठेवला. 'चावू नको, तसाच गीळ.' मी गिळला. नंतर त्याने पाणी दिलं, पाठीवर हात मारला, आणि आता कमी झालं का म्हणून चारदा विचारलं. मसुदा मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनमध्ये घालून बारीक केला. आता समोर जी प्रत आहे ती परत काढलेली आहे, कारण सवय जात नाही. दोन्ही बाजू कागदावर मांडल्याशिवाय मला ठरवता येत नाही.

सही मी दुसऱ्यावर करणार आहे. सरकारला आहेर. त्या मुलीला सांगेन की ओळखीच्या एका बाईचं आहे, आणि बाई हट्टी आहे. तिला कळेल ते कळेल. कापून जे येईल ते माझ्या खात्यात जाईल, माझ्या आताच्या नावाने, आणि माझं जुनं नाव ज्या एका ठिकाणी अजून चालू होतं तेही बंद होईल. जाऊबाई परवा आल्या होत्या. कुणीतरी बाहेरून त्यांना हाक मारली आणि माझी मान अजूनही अर्धी वळली. साठीला आलेली बाई मी.

हे सगळं मी फक्त त्याच्यासाठी करतेय असं लिहून टाकलं तर छान दिसेल. तुम्हाला मात्र ते पटायचं नाही. तुम्ही म्हणाल, कागद बघ, कोणाचा आहे. तसंही हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं असतं तरी तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि माझ्याशिवाय तुम्हाला वाचून दाखवणारा घरात एकच होता, तोच ज्याने हे वाचायचं नाही. आत्ता तो यायच्या आत याचे तुकडे करून ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकेन. म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही.

तुमच्या शेवटच्या पावसाळ्यात तुम्ही खाटेवर होतात आणि मी कामावरून आल्यावर तुमचे हात धुवायचे. हात इतके बारीक झाले होते की पंजा आणि मनगट वेगळं कळायचं नाही. तुम्ही काही मागितलं नाहीत. माझ्या माहेरच्या नावाचं बँकेचं खातं तेव्हा चालू होतं, म्हणजे कुणाची सही न लागता पैसे त्यात आले असते. मनात आलं, तो फंड काढावा आणि तुमच्या हातात पाटल्या घालाव्यात. जोडी नाही झाली तर एक तरी. मी फॉर्म घरी आणला. जुन्या नावाने भरला, सहीसुद्धा केली. मग सवयीने मागच्या बाजूला हिशोब मांडला. साडेतीन वर्षं, पाच भरत नाहीत, टॅक्स इतका जाणार. उगाच एवढे कशाला द्यायचे, असं वाटलं. पुढे बघू, काहीतरी मार्ग निघेल. फॉर्म कपाटात साड्यांखाली सरकवला, आणि त्याच महिन्यात तुम्ही गेलात.

पैशांची तेव्हा अडचण नव्हती, आई. फक्त टॅक्स वाचवला मी.